परत मागितलेला अंगठा

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

शालू,

पत्राच्या डोक्यावर देवाचं नाव लिहायची आपल्या घरची रीत आहे. आज मी फार रागात आहे, म्हणून त्याला यात ओढलं नाही. फोन केला की तू 'आई, लायब्ररीत आहे, नंतर करते' म्हणतेस. मेसेज केला तर तो आधी मोबाईलमधल्या त्या लिहून देणाऱ्या मशीनला दाखवशील. म्हणून कागदावर लिहून राह्यले. तुझ्या दहावीच्या वहीत कोरी पानं उरली होती, तीच फाडून घेतली.

दिवाळीत तू प्रबंधाची प्रत आणलीस. 'पंधरा डिसेंबरला जमा करायचाय आई, तोवर देवापुढं ठेव,' म्हणालीस. मी हळदकुंकू वाहिलं. तू गेल्यावर मनात आलं, पोथी नुसती देव्हाऱ्यात ठेवायची नसते, वाचायची असते. मंग रोज पूजा झाली की पाटावर बसून एक प्रकरण वाचायचं ठरवलं. 'बाहत्तरच्या दुष्काळातील स्त्रियांचे अनुभव : परतूर-मंठा परिसर.' पहिल्या चार प्रकरणांतलं निम्मं मला समजलं नाही. त्याचाही अभिमानच वाटला. म्हणलं, मॅट्रिकच्या बाईला सगळं समजलं तर ती पीएचडी कसली.

पाचव्या दिवशी पाचवं प्रकरण उघडलं, आणि त्यात आपल्या गल्लीतल्या बाया निघाल्या. अठरा जणींच्या मुलाखती. पहिलीच शेजारच्या जयवंताबाई मावशींची. खाली तारीख, १४ ऑगस्ट.

मावशी आषाढात गेल्या, शालू. २२ जुलैला. दहाव्याला तू आली होतीस, माझ्याशेजारी बसून रडली होतीस. चौदा ऑगस्टला तू कुणाशी बोललीस?

बरं, तारीख चुकली म्हणू. पण आत काय लिहिलंय? 'माझ्या हातातला हातोडा म्हणजे जणू माझ्या नशिबावरचे घाव होते.' हे म्हणे मावशी बोलल्या. ज्या बाईनं जन्मात कधी 'जणू' म्हणलं नाही ती. आणि हातोडा कुठला? बाहत्तरला सगळं गाव खडी फोडून राह्यलं होतं हे खरं, पण मावशी त्यात नव्हत्या. त्यांच्या घरची दोनशे मेंढरं होती. नवरा-बायको ती हाकत वऱ्हाडात गेल्ते, अकरा महिने. हे गल्लीतलं शेंबडं पोर सांगंल.

चैत्रात तू त्यांच्या ओट्यावर बसलेली मी पाह्यली होती. संध्याकाळी मावशी मला म्हणाल्या, "पोरगी घाईत हाय बेबे. मेंढराचं सांगाया लागले तर म्हणली, ते विषयात बसत न्हाई, खडीचं सांगा. मी म्हणलं, खडीचं मला काय म्हाईत. मंग म्हणली, परत येते." त्यानंतर गल्लीत रिक्षा वाजली की त्या उठून बघायच्या. तू त्यांच्याकडं परत आली नाहीस. त्यांच्या नावानं चार पानं लिहून मोकळी झालीस.

'मी फक्त भाषा सुधारून घेते मशीनकडून,' असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. ही भाषा सुधारणं आहे का?

हे पाचवं प्रकरण असंच जमा करायचं नाही. तू अंगठे घ्यायला दिलेल्या त्या फॉर्मांचं मी नंतर लिहीन.

तुझी आई

• • •

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

शालू,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, पांढऱ्याशुभ्र कागदावर. चष्मा लावून तीनदा वाचलं. एका बाजूला एवढा समास मोकळा सोडलाय की त्यात माझा आठवड्याचा बाजार लिहून झाला असता.

'प्रिय आई, तुझ्या भावना मी पूर्णपणे समजू शकते. तू उपस्थित केलेले मुद्दे अत्यंत महत्त्वाचे आहेत.' पुढं एक, दोन, तीन असे आकडे घातलेले. तिसऱ्या आकड्यात 'पिढ्यांमधील संवादाची दरी'. शेवटी 'आपण मिळून यातून नक्की मार्ग काढू'.

हे मला कुणी लिहिलं?

तू तिसरीत असताना मी तुला धुण्याच्या काठीनं मारलं होतं. शाळेतून येऊन तू न जेवता पाटीवर लिहून ठेवलंस, 'मी तुझ्याशी बोलनार नाही पन भाकर झाकून ठेव.' दोन्हीकडं 'ण'च्या जागी 'न' लिहिलेला. ती पाटी मी आठ दिवस पुसली नव्हती. त्या पोरीला आईशी भांडायला मशीन लागत नव्हतं. आता विद्यापीठात शिकून तू एवढी हुशार झालीस की आईची माफीसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतेस, आणि त्यातही माफी नाहीच, नुसते मुद्दे.

दिवाळीत भांडी घासताना मी तुला सहज विचारलं होतं, "शालू, इतक्या बायांनी इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं कसं न्हाई गं? तुला काय वाटतं?" तुझे हात राखेनं भरले होते. तरी तू आधी मोबाईलकडं बघितलंस. मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही. 'तुला काय वाटतं' या प्रश्नालासुद्धा तुला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं.

परवा तू तुझ्या बाबांना फोन केलास, मला नाही. त्यांनी मला ऐकवलं. "तिच्या गाईड मॅडम पण वापरून राह्यल्या म्हणे. बाहेरून जो तपासणारा येतो त्याचा अहवाल पण मशीनच लिहितं. सगळेच करतात, तू काय लावलंय?"

मी म्हणलं, "मशीन लिहिणार, मशीनच तपासणार, मंग मधी ही माणसं कशाला लागतात? सही करायला?"

ते म्हणाले, "लेकीचं वाटोळं करू नको बेबीनंदा." मला ते नावानं हाक मारतात तेव्हा जेवणावरून उठलेले असतात. त्या दिवशी पण उठले.

त्यांचं बरोबर आहे असं त्यांना वाटतं, कारण गल्लीतल्या भुजंगरावांनी तुझ्या सत्काराचं ठरवून टाकलंय. बॅनरवर तुझा फोटो, खाली 'डॉ. शालू'. काल ओट्यावर येऊन म्हणाले, "वहिनी, डॉक्टर झाली की पहिला पेशंट मी. माझे गुडघे." बाबा हसले. मी चहा ठेवायला आत गेले आणि चुलीपुढं उभीच राह्यले.

मला हातानं लिही. चुका असू दे.

आई

• • •

मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

शालू,

आज वर देवाचं नाव लिहिलं होतं, मंग ते पान फाडलं. त्याच्यापुढं हे लिहायची मला लाज वाटली.

मागच्या दोन पत्रांत मी तुला खूप बोलले आणि माझं स्वतःचं लपवलं. ते आता लिहिते.

भाऊबीजेला तू जाताना ते अठरा फॉर्म माझ्या हातात दिलेस. 'आई, मुलाखत दिलेल्या बायांची संमती लागते, अंगठे घेऊन ठेव, तुझं त्या ऐकतात.' माझं ऐकतात हे खरं आहे. बारा वर्षं बचत गटाची वही मी लिहिते. आजवर एकीनंही 'बेबी, हे कशाचं?' म्हणून विचारलं नाही. मी शाईचा डबा पुढं केला की त्या अंगठा पुढं करतात. दुसरीकडं बघत, गप्पा मारत करतात. माझ्यावरचा भरवसा तो एवढा आहे.

त्या भरवशावर मी दोन दिवसांत सतरा अंगठे घेतले. कुणी विचारलंच नाही, मी सांगितलंही नाही. कौसाबाई तेवढी म्हणाली, "गटाचं हाय ना?" आणि मी 'हं' म्हणले. कारण समजावत बसले तर वेळ जातो, आणि सांजवातीची वेळ झाली होती. एवढंच कारण.

अठरावा जयवंताबाई मावशींचा. तुला फोन केला, मावशी तर गेल्या, याचं काय करू? तू म्हणालीस, 'आई, मुलाखत त्या असतानाच झालीय, नुसती फॉर्मॅलिटी राहिली, एकच फॉर्म आहे.' पुढं काही म्हणाली नाहीस. मीच समजले.

तो अंगठा माझा आहे.

माझ्या बापानं मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते एवढ्याचसाठी, की पोरीला कुठं अंगठा लावायची वेळ येऊ नये. लग्नाच्या दाखल्यावर, बँकेत, रेशनवर, सगळीकडं मी सही केली. पन्नास वर्षांत पहिला अंगठा लावला तो मेलेल्या बाईच्या नावापुढं, आणि तो पण खोट्या मुलाखतीला. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही. वाचायला मला येत होतं. प्रबंध देव्हाऱ्यात होता. मी आधी अंगठा लावला आणि मंग वाचायला घेतलं.

तू न विचारता लिहिलंस, आणि मी न वाचता ठसा उमटवला. तुझा राग करते तेव्हा त्यातला अर्धा मलाच लागतो, आणि त्यानं तो कमी होत नाही, वाढतो.

पाच तारखेला गटाची बैठक आहे. त्या दिवशी मी बायांना पाचवं प्रकरण वाचून दाखवणार आहे. ज्यांच्या तोंडची वाक्यं आहेत त्यांनी ती एकदा ऐकू दे. तुला यायचं असेल तर ये.

आई

• • •

शनिवार, ६ डिसेंबर २०२५

शालू,

तू आली नाहीस. व्हॉइस मेसेज आला, तो मी बैठकीला निघताना ऐकला. तू रडत होतीस. त्यातलं एक मला खरं वाटलं, ते आधी लिहिते. तू म्हणालीस, 'आई, मी चैत्रात गेले होते सगळ्यांकडं, त्या बोलतच नव्हत्या. कामं होती, केली, झोपलो, एवढंच म्हणत होत्या. अठरा बायांचं मिळून अकरा मिनिटांचं बोलणं झालं. त्यावर प्रबंध कसा लिहू?'

हे तू मला चैत्रात सांगायचं होतं. 'त्या बोलत नाहीत' हेच लिहायचं होतं. का बोलत नाहीत ते शोधायचं होतं, तेच तुझं काम होतं. मला वाटायचं संशोधन म्हणजे तेच.

आता बैठकीचं ऐक.

देवळाच्या सभामंडपात नाही घेतली, गटातल्या आसिफाच्या अंगणात घेतली, म्हणजे तिची सासू रहिमुन्निसा खालालाही बाजेवरून ऐकता यावं. हप्ते गोळा झाल्यावर मी म्हणलं, दिवाळीत मी तुमचे अंगठे घेतले ते गटाचे नव्हते. ते माझ्या पोरीच्या पुस्तकाचे होते. मी खोटं बोलले. आणि वाचायला लागले.

पहिलं कौसाबाईचं वाचलं. 'माझ्या अश्रूंनी त्या निष्ठुर दगडांनाही पाझर फुटला.'

कौसाबाईनं पदर तोंडाला लावला. "एवढं झक्कास मी बोलले?"

"तुम्ही काय बोलला होता?"

"मी म्हणले होते, गुडघे दुखत्यात, चहा घे." सगळ्या हसल्या. मंग ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना बेबे. माझ्यापरीस चांगलं बोललंय ते. पोरीला डिग्री भेटू दे. आमचं काय त्यात गेलं?"

दोघीतिघींनी माना हलवल्या. शालू, मला तुझ्यापेक्षा जास्त राग तेव्हा आला, आणि कुणावर काढावा ते समजेना. ही बाई ज्या कामावर होती तिथं तिचं तान्हं लेकरू सावलीला झोपवलेलं असताना गेलं. सगळ्या गल्लीला माहीत आहे. चार पानांत त्या लेकराचा उल्लेख नाही, कारण तिनं तुला ते सांगितलं नाही, आणि मशीनला कुठून माहीत असणार. आणि तिला वाटतं की ते तिच्यापेक्षा चांगलं बोललं.

मंग सातवी मुलाखत आली, रहिमुन्निसा खालाची. तुझ्या पुस्तकात नावं नाहीत, 'निवेदक क्रमांक सात' आहे; कुठला आकडा कुणाचा ते मला फॉर्मांवरून माहीत होतं. त्या मशीनला पण तू नुसता आकडाच दिलास ना? मी वाचत गेले आणि मधेच थांबले, पण खाला म्हणाली, "पढ, पढ." मंग वाचलं. 'त्या वर्षी आमची दिवाळी अंधारात गेली. तुळशीपुढे दिवा लावायलाही घरात तेल नव्हते.'

खालानं बाजेवर कूस बदलली. "तुलसी मैंने कब लगाई थी? लगाई होंगी तो बकरी खा गई होंगी."

हसता हसता आसिफाच्या हातातली पावती पुस्तकं पडली. मी पण हसले. मंग खाला उठून बसली. तिला उठायला वेळ लागतो. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "बेबी, मेरा अंगूठा मेरेकू वापस दे."

मी म्हणलं, "खाला, कागदावरचा कसा परत देऊ?"

"वो तू देख. तूने लिया, तू ला के दे."

तेवढंच बोलली. रागानं बोलली असती तर मी सहन केलं असतं. उसनी नेलेली चाळणी मागावी तसं बोलली.

शालू, बारा तारखेपर्यंत तू स्वतः तुझ्या गाईड प्रियदर्शनी मॅडमकडं जा आणि सांग. तुला नाही जमलं तर मी जाईन. धमकी म्हणून लिहीत नाही. माझ्याकडं एका बाईची वस्तू आहे आणि ती तिनं परत मागितलीय.

आई

• • •

शनिवार, १३ डिसेंबर २०२५

शालू,

बारा तारीख संपेपर्यंत वाट बघणार होते. परवा रात्री तू बाबांना म्हणालीस, 'आईला सांगा, माझं नाव घेऊ नको.' म्हणून काल सकाळच्या गाडीनं मी परतूरहून गेले. बाबांनी विचारलं नाही कुठं चाललीस, डबा पण बांधून घेऊ दिला नाही. स्टेशनवर जाताना भुजंगराव भेटले, "वहिनी, पेढे आणायला का?" मी हो म्हणले.

तुझ्या विभागात दीड तास बसले. मॅडम आल्या. चांगल्या आहेत बोलायला, पाणी दिलं. मी सांगितलं, मी शालूची आई, पाचव्या प्रकरणातल्या मुलाखती झालेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "असं कसं, मी वाचलंय प्रकरण. उत्तम झालंय."

मी विचारलं, "मॅडम, पहिल्या बाईनं काय सांगितलंय?"

त्यांनी कॉम्प्युटर उघडला. थोडा वेळ बघत राह्यल्या. मंग त्यांचा आवाज खाली आला. "मी सारांश वाचला होता," म्हणाल्या. सारांश कुणी केला होता ते मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शालू, तुम्ही दोघींनी मिळून चार वर्षांत त्या बायांकडं एकदाही तोंड करून बघितलं नाही, आणि दोघींच्याही नावापुढं शिक्षण लिहिलेलं आहे.

मंग त्या म्हणाल्या, "पण संमतीपत्रं तर आहेत. अंगठे आहेत."

मी जयवंताबाई मावशींचा फॉर्म मागितला. दिवाळीनंतर मी पाठवलेले सगळे फॉर्म तू आधीच जमा केले होतेस. टेबलावर शिक्क्याची शाई होती. मी डावा अंगठा शाईत बुडवला आणि मावशींच्या अंगठ्याशेजारी लावला. उभी चीर माझ्या अंगठ्यावर विळीची आहे, तुला माहीत आहे. दोन्हीकडं तीच उभी चीर आली.

मॅडमनी फॉर्म जवळ ओढून दोन्ही ठसे बघितले. मंग मी खाली सही केली, पूर्ण नाव लिहून. बाकीच्या सतरा अंगठ्यांबद्दल पण लिहून दिलं, की ते गटाचा कागद म्हणून मी घेतलेत, बायांना काही सांगितलेलं नाही, म्हणून ते धरू नयेत. त्या लिहिण्यात तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही.

प्रबंध सोमवारी जमा होणार नाही. सहा महिने मुदतवाढ मागता येते, अर्ज तू करायचा, असं मॅडम म्हणाल्या. आणखी म्हणाल्या, "मी पण परत वाचते. सगळं." ते त्या मला म्हणाल्या की स्वतःला, माहीत नाही.

खालाचा फॉर्म मी मागून आणला. झेरॉक्स नाही, तोच. काल सांजेला तिच्या हातात दिला. तिनं तो चुलीत घातला नाही, फाडला नाही. घडी करून कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवला, दाखले ठेवतात तिथं.

मंग मला म्हणाली, "बैठ."

मी वही घेऊन गेलेच होते, खोटं कशाला बोलू. तुला दाखवून द्यायचं होतं की मॅट्रिकच्या बाईला जमतं. अर्धा तास ती 'काम करे, खाए, सोए' एवढंच म्हणाली. तुझ्यासारखीच मी पण कंटाळले. माझ्याही मनात आलं की हिला एखादं वाक्य सुचवावं. तेव्हा मला तुझं थोडंसं समजलं. समजलं म्हणून माफ केलं असं धरू नकोस.

मंग आसिफानं आमच्या दोघींच्या पुढं लसूण आणून ठेवला. मी वही बाजूला ठेवली, कारण लसूण सोलताना लिहिता येत नाही. दहा-बारा पाकळ्या झाल्यावर खाला आपोआप बोलायला लागली. खडीच्या ढिगाचं माप घेणारा मुकादम होता. सतरा वर्षांच्या या पोरीचा रोजा होता, आणि तिच्यासोबत एक बाई होती. ती बाई कोण, आणि मुकादमानं माप कमी धरलं तेव्हा दोघींनी काय केलं, हे तिनं मला सगळं सांगितलं. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा. मी वहीकडं हात नेला तर तिनं माझं मनगट धरलं. "ये तू मत लिख. तेरी बेटी पूछी थी ना. उसकू भेज. उसीकू बताऊँगी."

म्हणून ते मी लिहिलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. फोनवर विचारलंस तरी नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि तू पण आता बरेच दिवस बोलणार नाहीस. त्याची मी तयारी ठेवली आहे. पण खाला सत्तर वर्षांची आहे आणि थंडीत तिला धाप लागते. रमजान फेब्रुवारीत लागतो. रोज्यात ती दिवसा फारसं बोलत नाही. त्याआधी ये. दुपारी तीननंतर ती जागी असते. आधी लसूण सोलायला बस.

तुझी आई,
बेबीनंदा